गोवराचा विषाणू : आठ प्रथिनांची टोळी

गोवराच्या साथी आपल्याकडे बहुधा हिवाळा सरता सरता आणि उन्हाळ्याच्या तोंडावर येतात. त्या दिवसांत दवाखान्यात पालक जे विचारतात, त्यातले तीन प्रश्न ठरलेले असतात. पहिला, "डॉक्टरसाहेब, पोराले गोवर निंगाला जी, एखादं चांगलं इंजेक्शन द्या." दुसरा, "शेजारच्या पोरीला लस दिली होती, तरी तिला गोवर आला; मग लस घेऊन फायदा काय?" आणि तिसरा, "पुरळ गेले, ताप उतरला. आता गोवर अंगातून पूर्ण गेला ना?"

तिन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरे एकेका वाक्यात देता येतात, पण कारण कळल्याशिवाय ती मनाला पटत नाहीत. कारण कळायचे तर गोवराचा विषाणू आपल्या पेशीत शिरून नेमके काय करतो, हे पाहावे लागते. मी वैद्यकीय महाविद्यालयात शिकत होतो तेव्हा याबद्दल पुस्तकात फार थोडे असायचे. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत शास्त्रज्ञांनी या विषाणूचा एकेक भाग सुटा करून पाहिला आहे. तीच माहिती आज वाचकांना सोप्या शब्दांत सांगण्याचा प्रयत्न करतो.

निगेटिव्हवर लिहिलेला निरोप

गोवराचा विषाणू इतका लहान असतो की एका मिलिमीटरच्या लांबीत असे काही हजार विषाणू ओळीने मावतील. बाहेर चरबीचे पातळ आवरण, त्यावर काट्यांसारखी प्रथिने, आणि आत आरएनएचा एक लांब धागा, एवढाच त्याचा पसारा. आवरण तो आपल्याच पेशीकडून चोरतो. ते चरबीचे असल्यामुळे साबणाने विरघळते आणि उन्हात, उष्णतेत लवकर खराब होते.

आतल्या धाग्यावर विषाणू तयार करण्याची सगळी माहिती १५,८९४ अक्षरांत लिहिलेली असते. माणसाच्या पेशीतील माहिती सुमारे ३०० कोटी अक्षरांची असते, हे लक्षात घेतले म्हणजे विषाणूचे भांडवल किती तुटपुंजे आहे ते कळेल.

शिवाय हा मजकूर सरळ लिहिलेला नसतो. पूर्वी फोटो स्टुडिओत निगेटिव्ह मिळत असे, तसा तो उलटा असतो. आपल्या पेशीला तो वाचता येत नाही. म्हणून नुसता हा धागा पेशीत सोडला तर काहीच घडत नाही. निगेटिव्हवरून फोटो काढणारा कारागीर विषाणूला सोबतच आणावा लागतो, आणि तो आणतोही.

सहा जनुके, आठ प्रथिने

या धाग्यावर सहा जनुके एकापुढे एक मांडलेली असतात. त्यांची नावे शास्त्रज्ञांनी इंग्रजी अक्षरांवरून ठेवली आहेत : एन, पी, एम, एफ, एच आणि एल. एन धाग्यावर कवच चढवते. एल हा नक्कल करणारा कारागीर. पी त्या दोघांना जोडून ठेवते. एच आणि एफ विषाणूच्या बाहेरच्या बाजूस काट्यांसारखी असतात. एम आवरणाच्या आतल्या अंगाला असते आणि सगळ्यांना एकत्र आणते.

पी च्या जनुकातून आणखी दोन प्रथिने निघतात. तेच जनुक थोडे पुढून वाचायला सुरुवात केली की सी तयार होते, आणि वाचताना मध्ये एक अक्षर जास्त घातले की व्ही तयार होते. अशी एकूण आठ प्रथिने झाली.

यातले एकही प्रथिन एकट्याने गोवर आणू शकत नाही. प्रत्येकाचे काम दुसऱ्याला धरून चालते. ही पकड नीट असली की साथ पसरते. पकड बिघडली तर काय होते, तेही पुढे पाहू, कारण काही वेळा तो बिघाडच मुलाच्या जिवावर उठतो.

आत शिरण्याचे दार आणि बाहेर पडण्याचे दार

गोवर झालेले मूल खोकलले की विषाणू हवेत तरंगू लागतात. मूल खोलीतून निघून गेल्यावरही ते दोन तासांपर्यंत हवेत टिकू शकतात. दुसऱ्याच्या श्वासाबरोबर आत गेल्यावर एच प्रथिन आपल्या पेशीवरील एक मूठ शोधते. या मुठीचे नाव स्लॅम. जपानमधील शास्त्रज्ञांनी ती २००० साली शोधून काढली. ही मूठ असते रोगप्रतिकारक पेशींवर, म्हणजे शरीराच्या शिपायांवरच.

एच ने मूठ धरली की ते शेजारच्या एफ ला ढकलते. एफ हे दाबून ठेवलेल्या स्प्रिंगसारखे असते. ते झटक्यात उलगडते, पेशीच्या आवरणात घुसते आणि विषाणूचे आवरण पेशीच्या आवरणात मिसळून टाकते. आतला धागा पेशीत उतरतो. एच शिवाय एफ कधी उलगडायचे ते ठरत नाही, आणि एफ शिवाय एच नुसते दाराबाहेर लटकून राहते.

ज्या शिपायात विषाणू शिरला, तोच त्याला जवळच्या लसिका ग्रंथीत घेऊन जातो. चोराने पोलीसचौकीतच बिऱ्हाड थाटावे, तसा हा प्रकार. तिथे वाढून विषाणू रक्तावाटे शरीरभर पसरतो.

बाहेर पडायला त्याला वेगळे दार लागते. श्वासनलिकेच्या अस्तराच्या पेशींवर, त्यांच्या आतल्या बाजूस, नेक्टिन-४ नावाची दुसरी मूठ असते. ती २०११ साली सापडली. एच तिलाही धरू शकते. रक्ताच्या बाजूने या पेशींत शिरायचे, आत वाढायचे आणि हवेच्या बाजूने बाहेर पडायचे, अशी ही वाट. मुलाला जोराचा खोकला त्याच सुमारास लागलेला असतो. प्रतिकारशक्ती नसलेल्या लोकवस्तीत गोवराचा एक रोगी सरासरी १२ ते १८ जणांना रोग देतो, त्यामागे ही व्यवस्था आहे.

रूळ, इंजिन आणि पॅसेंजर गाडी

आता पेशीच्या आत काय चालते ते पाहू. नागपूरकरांना रेल्वेचा दाखला चटकन कळेल.

आरएनएचा धागा म्हणजे रूळमार्ग समजा. मात्र हा मार्ग उघडा नसतो. एन प्रथिने त्यावर एकाला एक लागून बसलेली असतात आणि प्रत्येक एन बरोबर सहा अक्षरे धरते. १५,८९४ ला ६ ने भागून पाहा; बाकी शून्य उरते आणि उत्तर येते २,६४९. एवढी एन प्रथिने एका धाग्यावर बसतात. धाग्याची लांबी सहाच्या पटीत नसेल तर त्याची नक्कल नीट होत नाही. शास्त्रज्ञ याला 'सहाचा नियम' म्हणतात. या कवचामुळे धागा पेशीच्या तावडीतून वाचतो.

या मार्गावर धावणारे इंजिन म्हणजे एल, आठांतले सर्वांत मोठे प्रथिन. पण कवच चढवलेल्या धाग्याला एल स्वतः नीट धरू शकत नाही. तिथे पी लागते. चार पी एकत्र येऊन त्यांची एक जुडी होते. तिचा काही भाग एल ला धरतो, तर टोके एन ला धरतात. प्रत्येक एन ला दोरीसारखी एक मोकळी शेपटी असते. पी तिला हलकेच पकडते, सोडते आणि पुढची पकडते. शिडी चढताना आपण एक हात सोडतो आणि दुसरा धरतो, तसे इंजिन पुढे सरकत राहते. पकड ढिली असेल तर इंजिन घसरते, फार घट्ट असेल तर अडकते.

इंजिन नेहमी मार्गाच्या एकाच टोकाकडून सुटते. पहिले स्टेशन एन, मग पी, एम, एफ, एच आणि शेवटी एल. प्रत्येक स्टेशनवर थांबून त्या जनुकाची सुटी नक्कल काढायची आणि पुढे जायचे. पण दर स्टेशनावर काही इंजिने रुळावरून उतरतात. समजा नागपूरहून वर्ध्याकडे एकामागून एक पॅसेंजर गाड्या सुटल्या आणि अजनी, बुटीबोरी, सिंदी अशा प्रत्येक ठिकाणी त्यातल्या काही रद्द होत गेल्या. वर्ध्याला थोड्याच पोहोचतील, आणि रद्द झालेलीला पुन्हा नागपूरहूनच सुटावे लागेल. त्यामुळे पहिल्या स्टेशनचे एन सर्वांत जास्त तयार होते आणि शेवटचे एल सर्वांत कमी. विषाणूला नेमके हेच हवे असते. कवचासाठी हजारो एन लागतात, इंजिने मात्र थोडी पुरतात.

नवे एन तयार झाले की एक अडचण येते. ते समोर दिसेल त्या आरएनएला चिकटू पाहते, मग तो आपल्या पेशीचा का असेना. तसे झाले तर सगळा माल वाया जाईल. म्हणून पी ताज्या एन ला धरून ठेवते आणि विषाणूचा नवा धागा निघू लागला की त्याच्या हवाली करते. एन चा साठा पुरेसा झाला की इंजिन मधल्या स्टेशनांवर थांबत नाही. पॅसेंजरची एक्स्प्रेस होते आणि सगळा मार्ग एका दमात नकलून काढते. आधी निगेटिव्हची सुलटी प्रत निघते, मग सुलट्या प्रतीवरून पुन्हा भरपूर निगेटिव्ह. या नव्या विषाणूंचा गाभा ठरतात.

हे काम पेशीत कुठेही होत नाही. एन आणि पी एकत्र आले की वरणावर तेलाचे थेंब जमावेत तसे त्यांचे थेंब जमतात आणि त्या थेंबांत ही नकलाई चालते. भिंत नसलेला कारखानाच म्हणा.

तक्रार पोहोचू न देणारे दोघे

पेशीत विषाणू शिरला की पेशी इंटरफेरॉन नावाचा पदार्थ सोडून शेजाऱ्यांना सावध करते. गोवराची सी आणि व्ही ही प्रथिने या व्यवस्थेतच खोडा घालतात. व्ही पेशीतील निरोप्यांना धरून ठेवते. सी नक्कल करताना होणाऱ्या चुका आवरते, त्यामुळे पेशीला संशय येण्यासारखा खराब माल कमी निघतो.

याचा परिणाम आई-बापांना दिसतो तो असा. लागण झाल्यापासून साधारण दहा दिवस मूल खेळते-खाते, काहीच कळत नाही. मग ताप, सर्दी, खोकला आणि डोळ्यांची लाली येते. गालाच्या आतल्या बाजूस मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसू शकतात. आणखी तीन-चार दिवसांनी कानामागून, कपाळावरून पुरळ सुरू होऊन खाली पसरते. पुरळ येण्याच्या आधीचे चार दिवस आणि नंतरचे चार दिवस मूल रोग पसरवत असते. म्हणजे 'गोवर आहे' हे घरात कळेपर्यंत शाळेत आणि अंगणवाडीत तो पोहोचलेलाही असतो.

पुरळ हे शरीराने उशिरा का होईना, प्रतिकार सुरू केल्याचे लक्षण आहे. विषाणू असलेल्या त्वचेतील पेशींवर आपले शिपाई हल्ला करतात, त्याचे ते डाग. गोवर 'बाहेर पडला' की बरे, असे आजीबाई म्हणतात, त्यात तथ्याचा अंश आहे. प्रतिकारशक्ती फार कमी झालेल्या मुलात कधी कधी पुरळ येतच नाही आणि आजार मात्र गंभीर होतो. पण म्हणून गोवर बाहेर काढण्यासाठी मुलाला घोंगडीत गुंडाळणे किंवा पाणी तोडणे योग्य नाही. त्याने मूल सुकते.

शिपायांमध्येच बिऱ्हाड केल्याचा आणखी एक तोटा आहे. आधीच्या आजारांची आठवण ठेवणाऱ्या पेशीही मारल्या जातात. नेदरलँड्समधील लस न घेतलेल्या मुलांवरील एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. गोवर होऊन गेल्यावर त्या मुलांच्या जुन्या प्रतिपिंडांपैकी ११ ते ७३ टक्के नाहीशी झाली होती. गोवरानंतर मूल महिनोन् महिने सारखे आजारी पडते, हा पालकांचा अनुभव खरा आहे.

मुकादम : एम प्रथिन

आता सगळा माल तयार आहे. थेंबांत कवच चढवलेले धागे आहेत, आणि पेशीच्या आवरणावर एच व एफ येऊन उभी आहेत. दोन्हींना एका जागी आणले नाही तर विषाणू बनणार नाही. हे काम एम करते. बांधकामावर मुकादम जसा गवंडी, सळई आणि सिमेंट एका ठिकाणी आणतो, तसे.

एम च्या जोड्या आवरणाच्या आतल्या अंगाला फरशीसारख्या ओळीने बसतात. एका बाजूने त्या एच आणि एफ च्या आत आलेल्या शेपट्यांना धरतात, दुसऱ्या बाजूने एन ला. धागा तिथे ओढला गेला की आवरण बाहेर फुगते, कोंब फुटावा तसा विषाणू निघतो आणि तुटून वेगळा होतो. एम आणखी दोन कामे करते. धाग्याला धरून ती नक्कल थांबवते, म्हणजे बांधणीच्या वेळी छपाई बंद. आणि एच-एफ ला लगाम घालते, नाहीतर ती शेजारच्या पेशीलाच चिकटून दोन पेशींची एक करून टाकतात. गोवरात अनेक केंद्रके असलेल्या मोठाल्या पेशी दिसतात, त्या अशाच जुळून झालेल्या असतात.

मुकादम नाहीसा झाला तर

काही वर्षांपूर्वी एका खेड्यातून अकरा वर्षांचा मुलगा माझ्याकडे आला. वर्गात पहिल्या पाचांत असणारा, पण सहा महिन्यांत अभ्यास पार घसरला. मास्तर म्हणत, पोरगा लक्ष देत नाही. आईची तक्रार निराळी होती : जेवताना हातातला पेला अचानक पडतो, चालता चालता झटका बसून तो खाली जातो. मी विचारले, "लहानपणी गोवर झाला होता का?" आई म्हणाली, "हो जी, दहा महिन्यांचा होता. लस द्यायची राहून गेली होती. पण तेव्हा तर आठ दिवसांत बरा झाला." मी त्याला मोठ्या रुग्णालयात पाठवले. मेंदूचा आलेख आणि पाठीच्या पाण्याची तपासणी झाली, आणि शंका खरी ठरली. पुढच्या दोन वर्षांत तो आधी बोलणे विसरला, मग चालणे, आणि शेवटी गेला.

या आजाराला एसएसपीई म्हणतात. गोवरानंतर बहुधा सहा ते दहा वर्षांनी तो डोके वर काढतो. यात विषाणू मेंदूत लपून राहिलेला असतो आणि त्याच्या एम च्या जनुकात इतक्या चुका साठलेल्या असतात की एम बनतच नाही किंवा निकामी बनते. मुकादम नसल्यामुळे नवे विषाणू बांधले जात नाहीत, कोंब फुटत नाही. एरवी वाटेल की मग रोग संपला. पण एन, पी आणि एल यांचे काम चालूच असते, धाग्याच्या नकला निघत राहतात. पुष्कळ रोग्यांत एफ मध्येही बदल होतो आणि ते अधिक सहज उलगडू लागते. मग विषाणू बाहेर न पडता एका मेंदूपेशीतून दुसरीत सरकतो. बाहेर न आल्यामुळे प्रतिपिंडे असूनही ती त्याला गाठू शकत नाहीत.

हा आजार किती विरळ आहे? कॅलिफोर्नियातील नोंदींवरून असे दिसले की पाच वर्षांच्या आत गोवर झालेल्या सुमारे १,४०० मुलांमागे एकाला, आणि एक वर्षाच्या आत झालेल्या सुमारे ६०० मुलांमागे एकाला तो झाला. त्याला बरे करणारे औषध नाही. लसीने तो होतो, अशी अफवा ऐकू येते. ती खोटी आहे. रोग्यांच्या मेंदूत सापडलेला विषाणू तपासला तेव्हा तो दर वेळी साथीतलाच निघाला, लसीतला नाही.

तीन प्रश्नांची उत्तरे

आता सुरुवातीच्या प्रश्नांकडे येऊ.

*इंजेक्शनने गोवर का जात नाही?* प्रतिजैविके जंतूंच्या भिंतीवर किंवा त्यांच्या यंत्रणेवर काम करतात. गोवराच्या विषाणूत त्यातले काहीच नाही. त्याला थांबवायचे तर एल सारखे प्रथिनच अडवावे लागेल. तशा औषधावर संशोधन झाले आहे. २०१४ साली एल ला अडवणाऱ्या एका औषधाने फेरेट नावाच्या प्राण्यांना गोवराच्या जवळच्या विषाणूपासून वाचवले. पण माणसासाठी असे औषध अजून बाजारात नाही. मात्र गोवरात न्यूमोनिया झाला, कान फुटला तर प्रतिजैविक लागते. ते केव्हा लागते, हे तपासूनच ठरवता येते.

*लस घेऊनही गोवर का झाला?* नऊ महिन्यांच्या सुमारास आईकडून मिळालेली थोडी प्रतिपिंडे बाळाच्या रक्तात उरलेली असतात. ती लसीतल्या विषाणूलाही धरतात. म्हणून पहिल्या मात्रेने साधारण ८५ टक्के बाळांना संरक्षण मिळते. राहिलेल्यांसाठी दुसरी मात्रा आहे. दोन्ही घेतल्यावर शंभरातल्या जवळजवळ सर्वांना संरक्षण मिळते. शिवाय ताप आणि पुरळ म्हणजे दर वेळी गोवरच असे नाही. रुबेला, डेंग्यू आणि इतर विषाणूंतही पुरळ येते. म्हणूनच आरोग्य खाते अशा मुलांच्या रक्ताचा नमुना घेते.

लस मात्र जुनी झालेली नाही. १९५४ साली अमेरिकेत बोस्टन येथे एंडर्स आणि पीबल्स यांनी एडमन्स्टन नावाच्या एका मुलाच्या नमुन्यातून हा विषाणू वेगळा केला. त्याला वारंवार वाढवून दुबळा केला आणि १९६३ साली लस आली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लस त्याच वंशातील एडमन्स्टन-झाग्रेब जातीची आहे. फ्लूची लस दर वर्षी बदलावी लागते, गोवराची साठ वर्षांत लागली नाही. कारण आपली प्रतिपिंडे एच च्या ज्या भागाला धरतात, त्याच भागाने एच आपल्या पेशीची मूठ धरते. तो भाग बदलला तर विषाणूलाच दार उघडता येत नाही. इतक्या थोड्या प्रथिनांत भागवणाऱ्या विषाणूची ती दुबळी बाजू आहे, आणि आपली लस तिथेच बोट ठेवते.

*पुरळ गेल्यावर गोवर पूर्ण गेला का?* बहुतेक मुलांत हो. पण काही महिने प्रतिकारशक्ती कमी राहते, आणि थोड्या मुलांत तो मेंदूत लपून बसतो. कोणात लपेल हे आधी सांगता येत नाही. म्हणून गोवर होऊच न देणे हाच मार्ग उरतो.

पालकांनी काय करावे

गोवर-रुबेलाची पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण होताच द्यावी, एक वर्षापर्यंत थांबू नये. दुसरी १६ ते २४ महिन्यांत द्यावी. सरकारी रुग्णालयात, नागरी आरोग्य केंद्रात आणि गावच्या उपकेंद्रात ती मोफत मिळते. मात्रा राहून गेली असेल तर 'आता वेळ गेली' असे समजू नये. आशाताईंना किंवा सिस्टरला कार्ड दाखवावे. साधी सर्दी, थोडा खोकला असला तरी लस देता येते. कुपोषित मुलाला तर ती आधी द्यावी. लसीनंतर आठवडा-दीड आठवड्याने थोडा ताप किंवा बारीक पुरळ येऊ शकते, ते आपोआप जाते. लसीची पूड पाण्यात मिसळल्यावर चार तासांत वापरावी लागते, त्यामुळे लसीकरणाच्या दिवशी वेळेवर जावे.

गोवर झालाच तर मुलाला चार दिवस वेगळे ठेवावे. पाणी, पेज, अंगावरचे दूध भरपूर द्यावे, जेवण तोडू नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने 'अ' जीवनसत्त्वाचे दोन डोस लागोपाठ दोन दिवस द्यावेत. त्याने डोळे आणि जीव दोन्ही वाचतात. श्वास जोरात चालणे, छाती आत ओढली जाणे, झटका येणे, ग्लानी, पाणी न पिणे, बुबुळ पांढुरके होणे, यापैकी काहीही दिसले तर घरी न थांबता मेडिकल, मेयो किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात न्यावे.

महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी गोवर-रुबेलाची मोठी मोहीम झाली. पुढे कोरोनाच्या काळात नियमित लसीकरण मागे पडले आणि २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीसह मालेगाव, भिवंडी येथे गोवराची साथ उसळली, मुले दगावली. अमेरिकेने २००० साली गोवर हद्दपार झाल्याचे जाहीर केले होते. लस न घेणाऱ्यांची संख्या वाढताच २०२५ मध्ये टेक्सासमध्ये मोठी साथ आली. शंभरातल्या ९५ मुलांना दोन्ही मात्रा मिळाल्या तरच गोवराला वाट उरत नाही.

हे अशक्य नाही. आपल्या शेतकरी बांधवांतील वडीलधाऱ्यांना गुरांची बुळकांडी आठवत असेल. तिचा विषाणू गोवराच्या अगदी जवळच्या नात्यातला, प्रथिनांची टोळीही तशीच. लसीच्या जोरावर बुळकांडी २०११ साली जगातून नाहीशी झाली. आपल्या गोठ्यातल्या बैलाला जे संरक्षण मिळाले, ते घरातल्या लेकराला मिळण्यासाठी दोन इंजेक्शने पुरेशी आहेत. आज घरी गेल्यावर बाळाचे कार्ड काढून दोन्ही तारखा भरल्या आहेत का, तेवढे पाहावे.